नाताळचे संगीत: कोणते आणि कोणत्या दिवशी

युरोपातल्या चर्चसाठी लिहिलेल्या नाताळच्या संगीताला दिवस ठरलेला असतो. आगमनकाळाचा पहिला रविवार, २४ डिसेंबरची मध्यरात्र, नववर्षाचा दिवस, ६ जानेवारी अशा एकेका दिवसाच्या उपासनेसाठी या रचना झाल्या आणि त्या दिवशीच्या वाचनाला धरून झाल्या. रागाला जसा प्रहर, तसा या रचनांना दिवस. भैरव रात्री गायला म्हणून काही बिघडत नाही, पण पहाटे ऐकलेल्या भैरवाची गोडी त्याला येत नाही. म्हणून नाताळात घरी किंवा एखाद्या कार्यक्रमात काय लावायचे हे ठरवताना संगीतकाराच्या नावाआधी कॅलेंडर पाहावे.

हे कॅलेंडर सोपे आहे. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ. २४ तारखेच्या संध्याकाळी नाताळ लागतो आणि पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष बाळ येशूच्या दर्शनाला आले त्या ६ जानेवारीच्या सणापर्यंत तो चालतो. बाजारात नेमके उलटे होते. नोव्हेंबरपासून जन्माची गाणी सुरू होतात आणि २६ तारखेला सगळे थांबते. उत्तम संगीतापैकी कितीतरी त्या २६ तारखेनंतरचे आहे, ते यामुळे ऐकलेच जात नाही.

आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत धर्मगुरूंचा पेहराव जांभळा असतो आणि रविवारच्या मिस्सेत एरवी गायले जाणारे 'ग्लोरिया' हे आनंदस्तोत्र गाळले जाते. ते परत येते थेट नाताळच्या मध्यरात्री. या काळाला सर्वांत शोभणारे संगीत म्हणजे ग्रेगोरियन चँट. वाद्यांची साथ नाही, स्वरांची रचलेली जुळणी नाही. लॅटिन शब्दांच्या वळणाने सगळ्यांनी मिळून गायलेली एकच चाल. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी मारियेच्या स्तुतिगीताच्या आधी एकेक छोटे धृपद गायची फार जुनी प्रथा आहे. त्यात येणाऱ्याला रोज वेगळ्या नावाने हाक मारलेली असते. एके दिवशी तो 'प्रज्ञा' असतो, एके दिवशी 'दावीदची किल्ली', एके दिवशी 'उगवता प्रकाश', आणि २३ तारखेला 'इम्मानुएल'. एस्टोनियाचे संगीतकार आर्व्हो पेर्ट यांनी १९८८ मध्ये याच सात धृपदांच्या जर्मन शब्दांना नवे संगीत दिले. सगळी मिळून पाव तासाच्या आसपास होतात. ती एकदम न ऐकता रोज संध्याकाळी एक ऐकली, तर त्या आठवड्याला आपोआप एक चढ येतो.

योहान सेबास्टियन बाख याच्या लाइप्झिग शहरात आगमनकाळाचा नियम आणखी कडक होता. पहिला रविवार झाला की पुढचे तीन रविवार चर्चमध्ये वाद्यवृंदासह होणारे संगीत बंद असे. त्या एकाच रविवारसाठी बाखने केलेल्या कँटाटांपैकी, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनांपैकी, १७१४ मध्ये वायमारला लिहिलेली कँटाटा (सूचीत क्रमांक ६१) नव्या श्रोत्याने आधी ऐकावी. फ्रान्सच्या दरबारी ऑपेरात राजाच्या स्वागताला ठुमकत, थांबत चालणाऱ्या लयीचे एक प्रवेशसंगीत वाजत असे. बाखने चर्चचे जुने आगमनगीत त्याच लयीत बसवले. येणारा राजाच आहे, हे शब्द कळण्याआधी लयीवरून कळते.

२४ तारखेच्या संध्याकाळसाठी भारतातल्या श्रोत्याला एक सोय आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपेलमध्ये त्या दिवशी नऊ वाचने आणि कॅरल यांची उपासना होते. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, एरिक मिल्नर-व्हाइट यांनी ती तिथे सुरू केली. मूळ आराखडा १८८० सालचा, कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो इथला. १९२८ पासून बीबीसी ती प्रसारित करते. मध्ये फक्त १९३० चे साल चुकले. ब्रिटनमध्ये दुपारचे तीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. सुरुवात एका मुलाच्या एकट्या आवाजाने होते, साथीला काहीही नसते. गाणारा मुलगा कोण, हे अगदी ऐनवेळी ठरते, म्हणजे आधीच्या रात्रभर कुणाला धास्ती नको. कॅरल या प्रकाराची ज्याला ओळख करून घ्यायची आहे, त्याने फुटकळ गाण्यांच्या संग्रहापेक्षा ही उपासना सलग ऐकावी. वाचनामागून गाणे येत राहते आणि प्रत्येक गाणे कथेत कुठे बसते ते समजते.

मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी मार्क-आंत्वान शार्पांतिए या फ्रेंच संगीतकाराने १६९४ च्या सुमारास एक मिस्सा पॅरिसमध्ये लिहिली. फ्रान्समधली खेडूत नाताळगीते, ज्यांना तिकडे 'नोएल' म्हणतात, ती तेव्हा घरोघरी आणि रस्त्यावर गायली जात. शार्पांतिएने त्या नाचऱ्या चाली उचलल्या आणि मिस्सेच्या गंभीर लॅटिन शब्दांना लावल्या. 'प्रभो, दया कर' या विनवणीला चाल मिळाली ती योसेफाच्या लग्नाच्या गाण्याची. ऐकताना मात्र कुठेही विसंगत वाटत नाही. बासऱ्या आणि व्हायोलिनच्या साथीने ती विनवणी फार प्रेमळ होते. नाताळचे एकच धार्मिक संगीत लहान मुलांसह ऐकायचे असेल, तर ही मिस्सा निवडावी. अर्धा तास म्हणता म्हणता जातो.

इटलीत याच रात्रीसाठी वेगळीच परंपरा तयार झाली. अब्रुत्सीच्या डोंगराळ भागातले मेंढपाळ नाताळच्या आधी रोममध्ये उतरत आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मारियेच्या मूर्तींसमोर वाजवत. एकाजवळ झांपोन्या हा कातडी पिशवीचा वाद्यप्रकार, दुसऱ्याजवळ शहनाईच्या कुळातले छोटे वाद्य. पिशवीतून एक आधारस्वर अखंड निघत राही आणि वरती तीन-तीन स्वरांच्या झुलत्या लयीत चाल फिरत राही. बेथलेहेमचे मेंढपाळ म्हटले की युरोपातल्या संगीतकारांच्या कानात हाच आवाज येऊ लागला आणि त्यातून 'पास्तोराले' हा प्रकार रूढ झाला. आर्कान्जेलो कोरेल्लीच्या सहाव्या संग्रहातल्या आठव्या कॉन्चेर्तोवर 'नाताळच्या रात्रीसाठी' असे लिहिलेले आहे. कोरेल्ली १७१३ मध्ये वारला, संग्रह १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. कॉन्चेर्तो जवळजवळ सगळा मायनर स्वरसमूहात, थोडा उदास, थोडा घाईत चालतो. शेवटी तो एकदम मेजरमध्ये उतरतो, खालची वाद्ये एक स्वर धरून ठेवतात आणि पास्तोराले सुरू होते. हा शेवटचा भाग वाजवणे कोरेल्लीने ऐच्छिक ठेवले होते. वर्षात एरवी तो गाळला तरी चालेल, नाताळात तो गाळणे म्हणजे कॉन्चेर्तोच गाळणे. तोरेल्ली, मान्फ्रेदिनी आणि लोकातेल्ली यांचेही असे नाताळ-कॉन्चेर्तो आहेत. पाहुणे जेवायला आलेले असताना मागे काही वाजत राहावे अशी इच्छा असेल, तर हे चार कॉन्चेर्तो योग्य. त्यांत शब्द नाहीत, त्यामुळे गप्पांशी त्यांचे भांडण होत नाही. गायकवृंदाचे संगीत अशा वेळी लावू नये. ते अर्धवट ऐकले की नुसता कोलाहल वाटतो.

२५ डिसेंबरच्या सकाळी सर्वांत आधी बाखचा 'ख्रिसमस ऑरेटोरिओ'. त्याबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण तो बहुतेक वेळा चुकीच्या पद्धतीने ऐकला जातो. ही अडीच तासांची एक रचना नाही. सहा कँटाटा आहेत आणि १७३४-३५ च्या नाताळात त्या सहा वेगवेगळ्या दिवशी सादर झाल्या: २५, २६ आणि २७ डिसेंबर, १ जानेवारी, नववर्षानंतरचा रविवार म्हणजे २ जानेवारी, आणि ६ जानेवारी. बाखनंतर हे संगीत जवळजवळ सव्वाशे वर्षे पूर्ण स्वरूपात वाजलेच नाही. १८५७ मध्ये बर्लिनच्या झिंगआकाडेमीने ते पुन्हा सादर केले. आजच्या मैफलीत सहाही भाग एका दमात किंवा तीन-तीन करून उरकले जातात. घरी ऐकणाऱ्याला अशी घाई नाही. ज्या दिवशीचा भाग त्या दिवशी, रोज पंचवीस-तीस मिनिटे, एवढा नेम ठेवला तर बाखने जे लिहिले तेच कानावर पडते.

पहिला भाग टिंपनी या नगाऱ्यांच्या जोडीने उघडतो. वाद्यवृंद गप्प असतो आणि फक्त पाच ठोके पडतात. त्याला बासऱ्या उत्तर देतात. पुन्हा ठोके, या वेळी उत्तर ओबोंचे. मग व्हायोलिने वरून खाली धावत येतात, ट्रम्पेट शिरतात आणि गायकवृंदही नगाऱ्यांचीच चाल उचलतो. गायकांनी नगाऱ्यासारखे का गावे, याचे उत्तर एक वर्ष मागे सापडते. हे संगीत बाखने आधी १७३३ मध्ये राणीच्या वाढदिवसाच्या कँटाटेसाठी केले होते आणि तिथले शब्दच नगाऱ्यांना वाजायला आणि ट्रम्पेटना गर्जायला सांगणारे होते. दुसऱ्या भागातली अंगाई तर त्याहून दूरची. तिच्या मूळ कँटाटेत, जी आणखी वेगळी आहे, कोवळ्या हर्क्युलिसला मोहात पाडण्यासाठी विलासाची देवता ती गाते: नीज, कसलीही मर्यादा मानू नकोस. बाखने तीच चाल खालच्या स्वरात, आल्टो आवाजात आणली, साथीला मऊ ओबो दिले आणि ती गोठ्यातल्या बाळाची झाली. जुन्या चालीला नवे शब्द देण्याची ही रीत त्या काळी सर्रास होती. हे कळल्यावर काही श्रोते हिरमुसतात. खरे तर दोन्ही रूपे एकामागून एक ऐकावीत. स्वर तेच असूनही दुसरे रूप किती खोल उतरले आहे, हे स्वतःच्या कानाने कळण्यासारखे आहे.

दुसरा भाग सुरू होतो त्याच मेंढपाळी झुलत्या लयीत, पण इथे वाद्यांचे दोन गट आहेत. व्हायोलिन आणि बासऱ्या एकीकडे, चार ओबो दुसरीकडे. पहिला गट देवदूतांचा, दुसरा मेंढपाळांचा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आधी ते आळीपाळीने बोलतात, मग एकमेकांत मिसळू लागतात. दिवाणखान्यात शांतपणे ऐकताना हे दोन गट वेगवेगळे धरता येतात. मोबाइलच्या स्पीकरवर ते एकच होऊन जातात. चौथ्या भागात हॉर्न आहेत आणि सोप्रानोच्या एका गाण्यात तिच्या प्रश्नांना प्रतिध्वनी 'हो' आणि 'नाही' अशी उत्तरे देतो. सहाव्यात ट्रम्पेट परततात. त्यांच्या झळाळत्या साथीत शेवटी जी चाल येते ती पहिल्या भागातल्या पहिल्या भक्तिगीताचीच आहे आणि बाखच्या 'मॅथ्यू पॅशन'मध्ये ख्रिस्ताच्या यातनांशी ती जोडलेली आहे. लाइप्झिगच्या भाविकांना ती पाठ होती. जन्माच्या सणात त्यांना ती ऐकू आली, तेव्हा त्यांना काय आठवले असेल ते वेगळे सांगायला नको.

बाखच्या भव्यतेआधी शंभर वर्षे जर्मन चर्चमध्ये आणखी एक भव्यता होती. मिखाएल प्रेटोरियसच्या रचनांत गायकांचे अनेक गट चर्चच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहून एकमेकांना साद घालतात आणि शेवटी सगळी मंडळी त्यात सूर मिसळते. हाइनरिश शुट्झची ड्रेस्डेनची 'नाताळकथा' (१६६०) मात्र त्याहून घरगुती आणि अतिशय लोभस आहे. एक निवेदक शुभवर्तमान गात सांगतो आणि पात्रे आली की त्यांची त्यांची वाद्ये येतात: मेंढपाळांना रेकॉर्डर बासऱ्या, याजकांना ट्रॉम्बोन, हेरोद राजाला ट्रम्पेटच्या जातीची वाद्ये. नाटकासारखी ही रचना पाऊण तासाच्या आत संपते. यातला बराचसा भाग हरवला असे समजले जात होते; १९०८ मध्ये तो स्वीडनमधल्या उप्साला इथे सापडला.

हँडेलचा 'मसाया' नाताळचा मानला जातो, तो सवयीमुळे. १७४१ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चोवीस दिवसांत तो लिहून झाला आणि १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये, ईस्टरच्या तोंडावर, पहिल्यांदा सादर झाला. उत्पन्न कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांच्या सुटकेसाठी आणि दोन रुग्णालयांसाठी होते. गर्दी मावावी म्हणून स्त्रियांनी घेरदार घागऱ्यांच्या कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात अशी विनंती केलेली होती. तीन भागांपैकी नाताळचा फक्त पहिला, सुमारे तासाभराचा. प्रसिद्ध 'हालेलुया' दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो आणि तिथे विषय जन्माचा नसून स्वर्गातल्या राज्याचा आहे. मैफलीत पहिला भाग आणि त्याला जोडून 'हालेलुया' असे करतात; टाळ्यांसाठी ते ठीक आहे, पण घरी पहिला भाग आहे तसा ऐकावा. त्यात मेंढपाळांचे छोटे वाद्यसंगीत येते, त्याचे नाव 'पीफा', म्हणजे पुन्हा त्या इटालियन वादकांचीच आठवण. हँडेल तरुणपणी रोममध्ये राहिला होता. लगेच देवदूतांचा समूह गातो आणि संपूर्ण रचनेत ट्रम्पेट पहिल्यांदा तिथे वाजतात. हँडेलने त्यांच्यावर 'दुरून आणि थोडे हळू' अशी सूचना लिहिली आहे. नगारे तर तिथेही नाहीत, ते 'हालेलुया'साठी राखलेले. समूहगान संपते तेही विरत, देवदूत उंच निघून जावेत तसे. एवढ्या नावाजलेल्या रचनेत हा आवरलेला हात फार कमी जणांच्या लक्षात येतो.

मोठ्या रचनांसाठी वेळ नसेल, तर चार मिनिटांत पूर्ण जग उभे करणारे संगीतही आहे. नाताळच्या पहाटेच्या प्रार्थनेत एक लॅटिन वचन आहे: केवढे हे गूढ, की जन्मलेल्या प्रभूला गव्हाणीत पाहिले ते जनावरांनी. स्पेनचा धर्मगुरू-संगीतकार तोमास लुईस दे व्हिक्टोरिया याने १५७२ मध्ये त्याला चार आवाजांत बांधले. एक आवाज पंचमाच्या अंतराने खाली उतरतो, परत वर येतो. मग दुसरा तसेच करतो, मग तिसरा. कोणीतरी गोठ्याच्या दारात आले आणि थबकले, तसे. याच शब्दांवर फ्रान्सच्या फ्रान्सिस पुलँकने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि अमेरिकेच्या मॉर्टन लॉरिडसनने १९९४ मध्ये रचना केल्या. तिन्ही एकापाठोपाठ लावल्या तर चारशे वर्षांचा प्रवास पंधरा मिनिटांत ऐकता येतो.

विसाव्या शतकातल्या रचनांत बेंजामिन ब्रिटनच्या 'अ सेरेमनी ऑफ कॅरल्स'ला तोड नाही. १९४२ च्या वसंतात, युद्ध पेटलेले असताना, अमेरिकेहून इंग्लंडला परतताना बोटीवर त्याने ती लिहायला घेतली. कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात त्याला जुन्या इंग्रजी कवितांचे एक पुस्तक मिळाले होते. मुलांचे आवाज आणि एक हार्प, एवढाच सरंजाम. गाणारी मुले चँट गात आत येतात आणि गातच बाहेर जातात. चर्चशी संबंध नसलेले काही हवे असेल तर चायकोव्हस्कीचे 'नटक्रॅकर' आहेच (सेंट पीटर्सबर्ग, १८९२). त्याची वीस-पंचवीस मिनिटांची निवडक मालिका मुलांसाठी पुरेशी आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यात या परंपरेची स्वतःची शाखा आहे. पोर्तुगीज काळात गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन शिकवले जाई, आणि त्या शिक्षणावर तयार झालेल्या गोवेकर वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. दुसरीकडे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात ख्रिस्तजन्माची कथा मराठीत गाण्यासाठीच आलेली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन-अभंगाच्या वळणाची भक्तिगीते लिहिली, ती मराठी चर्चमध्ये पेटी, तबला आणि टाळांवर आजही गायली जातात. मराठी घरातल्या नाताळच्या निवडीत बाखशेजारी टिळकांचे एखादे भजन असणे यात शोभेचा भाग काही नाही. दोन्ही उपासनेतूनच आलेली आहेत. ६ जानेवारीला गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कासावली इथे तीन राजांचा सण थाटात होतो. बाखचा सहावा भाग त्याच दिवसाचा आहे.

एकाच रचनेची ध्वनिमुद्रणे अनेक असतात आणि त्यांत फरक मोठा असतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या वाद्यवृंदात बाख ऐकायचा असेल तर कार्ल रिश्टरचे १९६५ चे मुद्रण, त्यात टेनर फ्रिट्झ वुंडरलिश. बाखच्या काळच्या वाद्यांवर, लहान वृंदात, चपळ गतीने हवा असेल तर जॉन एलियट गार्डिनरचे १९८७ चे. 'मसाया'साठी ख्रिस्टोफर हॉगवुडचे १९८० चे मुद्रण, ज्यात मुलांचा गायकवृंद आणि एमा कर्कबीचा स्वच्छ आवाज आहे. प्रेटोरियससाठी पॉल मॅक्रिशने डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डे कॅथेड्रलमध्ये नाताळच्या सकाळची संपूर्ण लुथेरन उपासनाच उभी केली. लहान घरात छोटा वृंद जास्त स्पष्ट ऐकू येतो, हे निवडताना लक्षात ठेवावे.

शब्दांची अडचण वाटते तेवढी नाही. बाखच्या ऑरेटोरिओतला निवेदक जे गातो ते लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या एकवीस ओळी आणि मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या बारा. मराठी बायबलमध्ये ही पाने उघडून समोर ठेवली की जर्मन येत नसतानाही कथा कुठवर आली ते कळत राहते. शुट्झलाही हेच दोन अध्याय पुरतात. तो फक्त पुढे जातो, मिसरला पलायन, हेरोदाने केलेली बालहत्या आणि नासरेथला परतणे इथपर्यंत.